आज्ञा मोडणाऱ्या मुलीची परीकथा: ‘पॅन्स लॅबिरिंथ’ समजून घेताना

‘पॅन्स लॅबिरिंथ’ बघून झाला की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. तो शिंगवाला फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड असा पुराणकथांतला प्राणी), त्या पऱ्या, ते जमिनीखालचं राज्य, हे सगळं खरं होतं की त्या मुलीच्या डोक्यातलं? प्रश्न रास्त आहे आणि सिनेमाने तो मुद्दामच उभा केला आहे. पण त्याच एका प्रश्नाच्या मागे लागलं, तर या सिनेमाची खरी ताकद हातातून निसटते. माझ्या मते हा सिनेमा आज्ञापालनाबद्दल आहे. कुणाचं ऐकायचं, कुठवर ऐकायचं आणि कोणत्या क्षणी ‘नाही’ म्हणायचं. परीकथेचा साचा त्यासाठीच निवडलेला आहे, कारण परीकथा उभीच राहते ती ‘हे अमुक करू नकोस’ या अटीवर. हा धागा एकदा हातात आला की आधी विस्कळीत वाटलेले प्रसंग आपापल्या जागी जाऊन बसतात.

पुढे शेवटासकट सगळं येणार आहे, त्यामुळे सिनेमा पाहिला नसेल तर आधी तो बघून यावं हे उत्तम. अर्थात, दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो यांनी स्वतःच पहिल्या शॉटमध्ये शेवट दाखवून टाकला आहे. रात्रीची वेळ, जमिनीवर पडलेली मुलगी, नाकातून रक्त. फक्त ते रक्त उलटं, परत नाकात जातंय. कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो आणि गोष्ट सुरू होते. म्हणजे ही मुलगी मरणार हे आपल्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं. उरतं ते कशासाठी, हे.

१९४४ चा स्पेन

हा सिनेमा २००६ सालचा, स्पॅनिश भाषेतला. देल तोरो मेक्सिकोचे, पण गोष्ट स्पेनची आहे आणि ती दुसरीकडे कुठे घडूच शकली नसती. त्यामुळे थोडा इतिहास आवश्यक आहे.

१९३१ मध्ये स्पेनमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं. १९३६ च्या जुलैमध्ये लष्करातल्या काही सेनापतींनी त्या सरकारविरुद्ध बंड केलं आणि यादवी युद्ध पेटलं. बंडखोर सेनापतींच्या बाजूला हिटलरचा जर्मनी आणि मुसोलिनीचा इटली उभे राहिले. १९३९ च्या एप्रिलमध्ये जनरल फ्रँको जिंकले आणि पुढची छत्तीस वर्षं सत्तेवर राहिले. सुरुवातीला पडक्या घरांचं आणि चर्चचं एक उजाड गाव दिसतं. ते अरागॉनमधलं बेल्चिते, १९३७ च्या लढाईत जमीनदोस्त झालेलं आणि पुढे तसंच अवशेषरूपात ठेवलेलं खरं गाव.

युद्ध संपलं तरी लढाई पूर्ण संपली नव्हती. हरलेल्या बाजूचे काही लोक डोंगरात, जंगलात राहून गनिमी काव्याने लढत राहिले. सिनेमातला कॅप्टन विदाल याच लोकांचा बंदोबस्त करायला एका जुन्या पाणचक्कीत तळ ठोकून बसला आहे. त्याची नवी बायको कार्मेन गरोदर आहे. तिला आणि पहिल्या नवऱ्यापासूनच्या मुलीला, ओफेलियाला, त्याने तिथे बोलावून घेतलंय, कारण त्याचा आग्रह असा की मुलगा बापाजवळच जन्मला पाहिजे. मुलगाच होणार हे त्याने परस्पर ठरवून टाकलेलं आहे.

काळ १९४४ चा उन्हाळा. दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्याची बातमी जंगलातल्या लोकांपर्यंत पोचते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसते. हिटलर गेला की पाठोपाठ फ्रँकोही जाणार, अशी ती आशा. हा प्रसंग सिनेमात ओझरता येतो, पण तो लक्षात ठेवा. शेवटाकडे आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

परीकथा मुळातच काळ्या असतात

या प्रकाराला ‘डार्क फँटसी’ म्हणतात, आणि त्यामुळे असा समज होतो की गोड परीकथा घेऊन तिच्यात कुणीतरी वरून अंधार ओतला. प्रत्यक्षात अंधार आधीपासूनच होता. गोडवा नंतर आला. फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये छापलेल्या लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीत लांडगा आजीला खातो, मग मुलीला खातो, आणि गोष्ट तिथेच संपते. कुणी लाकूडतोड्या येत नाही, कुणी पोट फाडून बाहेर काढत नाही. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून देण्याचा बेत आखते ती त्यांची सख्खी आई. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ग्रिम बंधूंनी तिला सावत्र करून टाकलं. घरात खायला नाही म्हणून आईबाप पोटच्या पोरांना सोडून देतात, हे वाचकांना सोसवणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

भूक, पोरकेपण, घरातलाच माणूस जिवावर उठणं हा त्या कथांचा कच्चा माल आहे. कारण त्या रचणाऱ्या, ऐकणाऱ्या माणसांच्या आयुष्यात हे सगळं होतं. देल तोरो यांनी हा कच्चा माल पुन्हा एका खऱ्या भुकेल्या काळात नेऊन ठेवला. यादवी युद्धानंतर स्पेनमध्ये १९३९ पासून १९५२ पर्यंत रेशनिंग होतं. सिनेमात कॅप्टनचे सैनिक गावकऱ्यांना पाव वाटतात, सोबत सरकारची महती सांगणारी वाक्यं ऐकवतात, आणि कोठाराची किल्ली मात्र कॅप्टनच्या ताब्यात असते. भुकेवर राज्य करणारा राक्षस शोधायला परीकथेत जाण्याची गरजच नाही, तो इथे गणवेशात हजर आहे.

रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये लोककथांच्या सांगाड्याचा अभ्यास मांडला. त्यात त्यांनी कथेतल्या घडामोडींचे ३१ टप्पे सांगितले. सुरुवातीच्या टप्प्यांपैकी एक म्हणजे मनाई, आणि लगेच पुढचा म्हणजे ती मनाई मोडली जाणं. मोडली गेली नाही तर गोष्ट पुढे सरकतच नाही. ओफेलियाने पुस्तकं वाचून वाचून हे सगळे नियम पाठ केलेले आहेत. म्हणूनच फॉन तिला भेटतो तेव्हा ती किंचाळत पळत नाही. ती आपलं नाव सांगते.

फॉनचं म्हणणं, ती पाताळातल्या राजाची हरवलेली मुलगी आहे. परत जायचं तर पौर्णिमेच्या आत तीन कामं पार पाडायची. तीन हा आकडा परीकथेत असायचाच. पण देल तोरो हा आकडा फक्त ओफेलियाच्या जगात ठेवत नाहीत. कॅप्टनच्या ताब्यात एक तोतरा कैदी येतो. कॅप्टन त्याला म्हणतो, न अडखळता तीनपर्यंत आकडे म्हण, तुला सोडून देतो. एक म्हणून होतं. दोन म्हणून होतं. तीनला जीभ अडते. मग हातोडा आणि चिमटे. परीकथेसारखीच अट, परीकथेसारखाच आकडा; फरक इतकाच की अट घालणाऱ्याला निकाल आधीच माहीत आहे.

त्या जेवणाच्या टेबलापाशी थांबू

संपूर्ण सिनेमातला एकच प्रसंग निवडून दहादा बघायचा असेल, तर मी दुसऱ्या कामाचा निवडेन. ओफेलिया खडूने भिंतीवर दार काढते, ते ढकलून आत शिरते. लांबलचक दालन. टेबलावर मांस, फळं, जेली, केक, सगळं लालभडक आणि रसरशीत. टेबलाच्या टोकाला एक फिकट देह बसलेला, अंगावरची कातडी झोळीसारखी लोंबणारी, चेहऱ्यावर डोळेच नाहीत. डोळे समोरच्या ताटलीत काढून ठेवलेले. कोपऱ्यात लहान मुलांच्या बुटांचा ढीग. छतावर चित्रं, त्यात हाच राक्षस मुलांना खातोय.

आता थोडं मागे जा. याआधी सिनेमात आणखी एक मोठं जेवण झालेलं आहे. कॅप्टनने गावातले प्रतिष्ठित लोक, त्यांच्या बायका, धर्मगुरू अशा सगळ्यांना बोलावलं आहे. टेबलाच्या टोकाला तो बसलाय, पाठीमागे आग पेटलेली आहे. गावकऱ्यांचं रेशन आणखी कमी करायचं, म्हणजे डोंगरातल्या लोकांपर्यंत काही पोचणार नाही, अशी चर्चा चालली आहे आणि बोलता बोलता सगळे भरल्या ताटातून खाताहेत. धर्मगुरू तर म्हणतो की देवाने त्यांच्या आत्म्यांचा उद्धार आधीच केलेला आहे, देहाचं काय होतं याची त्याला फारशी फिकीर नाही. त्याच संध्याकाळी ओफेलियाला, नवा हिरवा फ्रॉक चिखलात माखवला म्हणून, उपाशी झोपायची शिक्षा झालेली असते.

दोन्ही दालनांची मांडणी जवळपास एकच आहे. लांब टेबल, टोकाला यजमान, मागे धगधगणारी आग, आणि ज्यांच्या तोंडचा घास काढून घेतलाय ते खोलीच्या बाहेर. कॅप्टनच्या जेवणात हे शब्दांतून येतं, राक्षसाच्या दालनात तेच शरीरातून येतं: भरलेल्या टेबलापाशी बसूनही समोरचं न खाणारा, लहान मुलंच हवी असणारा, आणि डोळे बाजूला काढून ठेवलेला म्हणून काहीच न बघणारा. राक्षस हातांच्या तळव्यांत डोळे बसवतो आणि हात चेहऱ्यासमोर धरून चालायला लागतो. हे ध्यान एकदा पाहिलं की विसरता येत नाही. राक्षस आणि फॉन या दोन्ही भूमिका डग जोन्स या एकाच अमेरिकन अभिनेत्याने केल्या आहेत. राक्षसाच्या मुखवट्याला डोळेच नसल्यामुळे त्याला नाकपुड्यांच्या भोकांतून बाहेर बघावं लागायचं. ती अडखळती, चाचपडती चाल त्यामुळे आणखीच अस्वस्थ करते. पऱ्यांची मुंडकी राक्षस ज्या पद्धतीने चावून तोडतो, ते बघताना स्पॅनिश चित्रकार गोयाचं चित्र आठवावं: आपल्याच पोराला खाणारा, डोळे फाडलेला रोमन देव सॅटर्न. गोयाने ते १८१९ ते १८२३ च्या दरम्यान स्वतःच्या घराच्या भिंतीवर रंगवलं होतं. आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

इथे बहुतेक प्रेक्षक ओफेलियावर वैतागतात. काही खाऊ नकोस म्हणून फॉनने बजावलं होतं, पऱ्या अडवत होत्या, तरी ही दोन द्राक्षं तोंडात टाकते! वैताग मला पटतो, पण ही पटकथेतली चूक नाही. एक तर मनाई मोडली जाणारच, हा या कथांचा नियम. पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ल्यामुळे तिथे अडकलेल्या ग्रीक पुराणातल्या पर्सेफोनीपासून तो चालत आलाय. दुसरं, ही रेशनच्या काळातली, उपाशी झोपवलेली पोर आहे. आणि तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याच दालनात, द्राक्षांच्या काही क्षण आधी, ओफेलिया आणखी एकदा न ऐकता वागलेली आहे. भिंतीत तीन छोटी दारं असतात, पऱ्या एका दाराकडे बोट दाखवतात, ती मात्र विचार करून दुसरंच उघडते. आणि तेच बरोबर निघतं. खंजीर तिथेच असतो.

म्हणजे एकाच प्रसंगात न ऐकण्याच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी आल्या. एक, स्वतःची बुद्धी वापरून. दुसरी, मोहापायी. पहिलीचं फळ मिळालं, दुसरीची किंमत दोन पऱ्यांनी जीव देऊन मोजली. आज्ञा मोडणं म्हणजे आपोआप शौर्य, असं हा सिनेमा कुठेही म्हणत नाही. म्हणूनच शेवटचा नकार येतो तेव्हा त्याला वजन असतं. तिसरी तऱ्हा तिथे आहे.

किल्ली आणि सुरी

ओफेलियाला पहिल्या कामात अंजिराच्या पोखरलेल्या झाडाखालच्या अवाढव्य बेडकाच्या पोटातून किल्ली मिळते, दुसऱ्या कामात खंजीर. आता मेर्सेदेसकडे बघा. ती कॅप्टनच्या घरातली कामवाली, मारिबेल वेर्दूने अतिशय संयमाने उभी केलेली. तिचा भाऊ जंगलातल्या लोकांत आहे आणि ती गुपचूप त्यांना अन्न, औषधं, पत्रं पोचवते. तिच्याजवळ काय असतं? कोठाराची एक किल्ली, आणि अ‍ॅप्रनच्या घडीत लपवलेली भाजी चिरायची सुरी. तीच दोन साधनं, तोच क्रम. जादूच्या गोष्टीत जे ओफेलिया करते, ते मेर्सेदेस रोज जिवावर उदार होऊन जादूशिवाय करते.

कॅप्टनला तिचा संशय फार उशिरा येतो. पकडल्यावर ती त्याला सांगते की मी तुझ्या नजरेला दिसतच नव्हते, म्हणून हे जमलं. त्याच्या जरा आधीच त्याने आपल्या माणसाला बाहेर पाठवलेलं असतं. एकट्या बाईसाठी कशाला हवी मदत, हा त्याचा माज! आणि तीच सुरी त्याचा गाल फाडून जाते. डोळे ताटलीत काढून ठेवलेला राक्षस इथे पुन्हा आठवावा.

सेर्जी लोपेझ यांच्या कॅप्टनबद्दल एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, की तो फारच एकरंगी दुष्ट आहे. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण त्याचं घड्याळ. त्याच्या वडिलांनी मोरोक्कोत मरताना आपलं घड्याळ दगडावर आपटून फोडलं, म्हणजे बाप कोणत्या क्षणी मेला, शूर माणूस कसा मरतो, हे मुलाला कळावं, अशी एक कथा जेवणाच्या वेळी एक पाहुणा सांगतो. कॅप्टन ती साफ नाकारतो. वडिलांकडे घड्याळ नव्हतंच म्हणतो. पण आपण त्याला एकांतात तेच फुटक्या काचेचं घड्याळ पुसताना, दुरुस्त करताना पाहिलेलं असतं. त्याच्या खोलीत पाठीमागे चक्कीची प्रचंड दातेरी चाकं आहेत, जणू तो त्या घड्याळाच्या आतच राहतो. आरशासमोर दाढी करताना तो वस्तरा आपल्याच प्रतिबिंबाच्या गळ्यावरून फिरवतो. हा माणूस बापाच्या आज्ञेत जन्मभर अडकलेला आहे. आज्ञापालनाचा शेवट कुठे होतो, ते त्याच्यात दिसतं.

याच्या नेमकं उलट डॉक्टर फेरेइरो. छळाने अर्धमेल्या झालेल्या त्या तोतऱ्या कैद्याला जगवायचा हुकूम असतो, पुन्हा छळता यावं म्हणून. डॉक्टर त्याच्याच विनंतीवरून त्याला इंजेक्शन देऊन मोकळा करतो. ऐकलं का नाहीस, असं कॅप्टन खरोखरच न कळून विचारतो. डॉक्टरचं उत्तर साधारण असं: प्रश्न न विचारता, नुसतं ऐकायचं म्हणून ऐकणं, हे फक्त तुमच्यासारख्यांनाच जमतं. एवढं बोलून डॉक्टर बॅग उचलतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. पावसात, पाठीत गोळी. सिनेमाचा विषय एका वाक्यात हवा असेल तर तो इथे आहे, आणि तो एका मध्यमवयीन, घाबरट वाटणाऱ्या माणसाच्या तोंडी आहे, हे मला फार आवडतं.

रंग आणि कॅमेरा

गियेर्मो नवारो यांच्या छायाचित्रणाला ऑस्कर मिळालं. कलादिग्दर्शन आणि मेकअप मिळून सिनेमाला एकूण तीन. ते रंग कसे वाचायचे, हे थोडक्यात. कॅप्टनचं जग निळसर, करडं, सरळ रेषांचं. ओफेलियाचं जग सोनेरी, किरमिजी, गोलाईचं. झाडाची ढोली, फॉनची वळलेली शिंगं, बिछान्यावरच्या पाटीवरचं कोरीवकाम यांचे आकार एकमेकांशी जुळतात. मात्र जसजशी गोष्ट पुढे सरकते तसे हे रंग एकमेकांत शिरू लागतात. आणि एका जगातून दुसऱ्यात जाताना अनेकदा कॅमेरा एखाद्या झाडाच्या बुंध्यामागून किंवा खांबामागून सरकतो आणि पलीकडे दुसरं जग असतं. आईच्या पोटातल्या बाळापर्यंतही तो असाच सरकत जातो. दोन जगांमध्ये भिंत नाही, फक्त एक आडोसा आहे, असं तो सांगतो.

हिंसेबद्दल बोलायलाच हवं, कारण तिने अनेकांना सिनेमा अर्धवट सोडायला लावलं आहे. सुरुवातीलाच ससे मारायला गेलेल्या बापलेकांना कॅप्टन बंडखोर समजून पकडतो, मुलाचा चेहरा बाटलीने ठेचतो, दोघांना गोळ्या घालतो. मग त्यांच्या पिशवीत ससा सापडतो. ते खरंच बोलत होते. कॅप्टनचा राग त्यांच्या मृत्यूवर नसतो, तर माणसं नीट न झडता आपल्याकडे आणल्याबद्दल असतो. हे सगळं कॅमेरा समोर उभा राहून बघतो, संगीताची मदत न घेता. जादूच्या जगातली हिंसा चित्रातल्यासारखी सजवलेली आहे, खऱ्या जगातली उघडी ठेवलेली आहे. प्रेक्षकाने कशाला घाबरावं, याबद्दल दिग्दर्शकाचं मत स्पष्ट आहे.

मग खरं काय?

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. शेवटी चक्रव्यूहात (सिनेमाच्या नावातला ‘लॅबिरिंथ’ तो हाच) कॅप्टन पोचतो तेव्हा त्याला ओफेलिया कुणाशी बोलतेय ते दिसत नाही. समोर फॉन नाहीच. यावरून ‘सगळा भास’ म्हणणाऱ्यांचं पारडं जड होतं. दुसऱ्या बाजूचे पुरावेही सिनेमात पेरलेले आहेत. बाहेरून कुलूप असलेल्या माळ्यावरच्या खोलीतून ओफेलिया थेट कॅप्टनच्या खोलीत कशी येते? खडूने काढलेल्या दारातून, आणि तो खडू नंतर कॅप्टनच्या हाती लागतो. आईच्या पलंगाखाली दुधात ठेवलेलं, फॉनने दिलेलं मँड्रेक या वनस्पतीचं माणसाच्या आकाराचं मूळ आहे तोवर आईला आराम पडतो. ते आगीत टाकलं की त्याच क्षणी कळा सुरू होतात. चक्रव्यूहात पळताना ओफेलियासाठी भिंत दुभंगते, कॅप्टनला मात्र वळसे घ्यावे लागतात.

देल तोरो यांनी मुलाखतींमधून सांगितलं आहे की त्यांच्या लेखी ते जग खरं आहे. मी त्यांच्या बाजूने आहे, पण वेगळ्या कारणाने. समजा फॉन भास आहे. तरी ओफेलियाने घेतलेला निर्णय भास नाही. आणि सिनेमा उभा आहे तो त्या निर्णयावर.

तो निर्णय असा. दुसऱ्या कामात नियम मोडल्यावर फॉन रागावून निघून जातो. मग आई बाळंतपणात दगावते, मेर्सेदेस पकडली जाते, ओफेलियाला जगात कुणीच उरत नाही. तेव्हा फॉन परत येतो आणि शेवटची संधी देतो. अट एकच: मी सांगेन ते करायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. तिला आता ते राज्य किती हवं असेल! ती छोट्या भावाला उचलून चक्रव्यूहात आणते. तिथे फॉन म्हणतो, दार उघडायला निरागस जिवाचं रक्त लागतं, थेंबभर पुरे, दे तो इकडे. ती देत नाही. फॉन विचारतो, ज्याला धड ओळखतही नाहीस त्याच्यासाठी राज्य सोडतेस? हो, सोडते. मागून कॅप्टन येतो, बाळ हिसकावतो आणि तिला गोळी घालतो. भावाच्या नव्हे, तिच्याच रक्ताचे थेंब खाली दगडावर पडतात, आणि पुढच्या सोनेरी दालनात राजा सांगतो की शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा तीच होती.

डॉक्टरचं वाक्य आणि ओफेलियाची कृती एकच आहे. आणि गंमत म्हणजे फॉनने आज्ञा घातली ती नेमकी कॅप्टनच्या भाषेत: प्रश्न विचारू नकोस. परीक्षा न ऐकण्याचीच होती. आज्ञा देणारा शिंगांचा असो वा गणवेशाचा, दुसऱ्याचं रक्त मागितलं की थांबायचं, एवढं त्या मुलीला कळलेलं आहे. (ते सोनेरी दालन मला सिनेमातला सर्वांत कमजोर भाग वाटतो. इतकी भव्यता या गोष्टीला मानवत नाही. पण मरणाऱ्या पुस्तकवेड्या मुलीने राजवाडा कसा कल्पिला असता, असा विचार केला की तेही चालून जातं.)

बाहेर बंडखोर आणि मेर्सेदेस उभे असतात. कॅप्टनला आपला शेवट दिसतो. तो बाळ मेर्सेदेसच्या हाती देतो, घड्याळ काढतो, बाप किती वाजता मेला ते माझ्या मुलाला सांग, असं म्हणू लागतो. मेर्सेदेस त्याला मध्येच तोडते: नाही, त्याला तुझं नावसुद्धा कळणार नाही. गोळीआधीच तो तिथे हरतो. बापाकडून मुलाकडे जाणारी ती आज्ञांची साखळी एका बाईने, तीही न दिसणाऱ्या बाईने, तोडलेली असते.

आता ती नॉर्मंडीची बातमी आठवा. सिनेमातले लोक जिंकतात, पण ते एका पाणचक्कीपुरतं, एका रात्रीपुरतं. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रँकोविरोधी हजारो गनिमी लढवय्ये फ्रान्सच्या बाजूने स्पेनमधल्या आरानच्या खोऱ्यात उतरले आणि काही दिवसांतच त्यांना माघार घ्यावी लागली. दोस्त राष्ट्रांच्या फौजा स्पेनमध्ये कधीच आल्या नाहीत. फ्रँको सत्तेवर असतानाच १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये वारले. मेर्सेदेसच्या हातातलं ते बाळ तेव्हा एकतीस वर्षांचं झालं असतं. स्पॅनिश प्रेक्षकाला हे सांगावं लागत नाही; बाकीच्यांनी ते माहीत करून घेऊन शेवट बघितला तर तो वेगळाच दिसतो. इतिहासात जो शेवट मिळाला नाही तो परीकथेत मिळाला, असं त्याचं स्वरूप होतं, आणि तरीही सिनेमा त्याला खोटा दिलासा होऊ देत नाही, कारण मुलीचं प्रेत आपल्यासमोरच असतं.

बघायचा असेल तर स्पॅनिशमध्येच बघा, डब केलेला नको. इंग्रजी सबटायटल्स देल तोरो यांनी स्वतः लिहिली आहेत, त्यामुळे संवादांचा कस टिकतो. पोस्टरवरच्या परीराज्याला भुलून लहान मुलांना सोबत बसवू नका. बाटलीचा प्रसंग आणि गाल शिवण्याचा प्रसंग मोठ्यांनाही जड जातात. आणि आवडला तर देल तोरो यांचाच २००१ चा ‘द डेव्हिल्स बॅकबोन’ जरूर शोधून बघा. तो यादवी युद्धाच्या अखेरच्या दिवसांतल्या एका अनाथालयाची भूतकथा आहे, आणि त्यातही मुलांना भुतापेक्षा जिवंत माणसांचीच भीती जास्त आहे.